संदर्भ-नजर क्रमांक सात

फरशीवर पेला पडला. स्टीलचा, रिकामा. ठण्ण करून पडला आणि घरंगळत फ्रिजच्या पायाशी जाऊन थांबला.

दुपारचे पावणेचार झाले असतील. कांचन पहिल्या पाळीहून येऊन मोरीत पाय धूत होती. घर गप्प होतं आणि तिला ते गप्प असणं बरंच वाटत होतं. शाळेला सुट्टी म्हणून लेक झोपली असेल, सासूबाईंचाही डोळा लागला असेल, आपणही पाच मिनिटं भिंतीला पाठ टेकावी, असं काहीसं तिच्या मनात चाललं होतं. पेल्याच्या आवाजाने ती तशीच ओल्या पायांनी आत आली.

आर्वी पलंगावर उठून बसली होती. सहा वर्षांची पोर, दोन्ही हात गादीवर रोवलेले, खांदे कानांपर्यंत चढलेले. तोंड उघडं होतं पण त्यातून हाक येत नव्हती. हाक मारण्याइतका श्वास उरला नव्हता म्हणून हाताशी होता तो पेला तिने ढकलला होता. प्रत्येक श्वासाला तिच्या गळ्याखालची खळगी आत ओढली जात होती आणि ओठ जांभळे दिसू लागले होते.

तिच्या छातीवरच्या पट्टीचा हिरवा दिवा मात्र शांतपणे जळत होता.

दम्याचा फवारा, त्याला लावायची प्लास्टिकची नळी, मुखवटा. कांचनचे हात आपोआप चालले. एक फवारा, दहा श्वास. मग दुसरा. आर्वीची पाठ आपल्या छातीशी घेऊन ती बसली आणि श्वास मोजत राहिली, जणू तिने मोजणं थांबवलं तर पोर श्वास घेणंही थांबवेल. पंधरा-वीस मिनिटांनी ओठांवर रंग आला. तोवर सासूबाई दाराला धरून उभ्या होत्या. कांचन त्यांना आत्याबाई म्हणायची.

"वाजली कशी नाही गं ही?" आत्याबाई पट्टीकडे बघत म्हणाल्या. "मी इथंच होते. वाजली असती तर उठले नसते का मी?"

पोरीच्या श्वासात अजून घरघर होती, म्हणजे पट्टी अजूनही वाजायला हवी होती. कांचनने पट्टी दोन बोटांत धरून जराशी दाबली. पट्टी कर्कश ओरडली. बोटं सैल केली, ती गप्प. पुन्हा दाबली, पुन्हा ओरडली.

दुसरी कुठलीही आई असती तर तिने पट्टी आपटून पाहिली असती. कांचनने मात्र ती हळूच तळहातावर घेतली. दाबल्यावर चालतं आणि सोडल्यावर बंद पडतं, याचा अर्थ काय ते तिला पक्कं ठाऊक होतं. तिची सगळी नोकरी त्या एका गोष्टीवर उभी होती.

पट्टी आली होती दोन वर्षांपूर्वी. तालुक्यातल्या दमा असलेल्या सगळ्या मुलांना ती शाळा-बालवाडीतूनच मिळाली. छातीवर चिकटवायची, बोटभर लांबीची. ती दिवसरात्र श्वासाचा आवाज ऐकायची आणि शिट्टीसारखी घरघर सुरू झाली की मुलाला कळायच्या आधी वाजायची. ती येण्याआधी आर्वी झोपली की आत्याबाई तिच्या पाठीला कान लावून बसायच्या. सिन्नरच्या बिडीच्या कारखान्यासाठी तीस वर्षं विड्या वळलेली बाई. बोटं आखडली होती, कान शाबूत होते. "आज छातीत मांजर बोलतंय," त्या सांगायच्या आणि त्यांचं सहसा चुकत नसे. पट्टी आल्यावर त्यांनी कान काढून घेतला. गरजच राहिली नव्हती. कांचनसारख्या कितीतरी बाया पट्टीच्या जिवावर निर्धास्त कामाला जाऊ लागल्या.

आर्वीला दूध-बिस्किट देऊन तिने आत्याबाईंजवळ बसवलं आणि पट्टी घेऊन खिडकीपाशी गेली. मागचं झाकण चिमट्याने उघडलं. कारखान्यातलं जुनं भिंग तिच्याकडे होतं. ते डोळ्याला लावून तिने आतला हिरवा सर्किट बोर्ड उजेडात धरला.

शोधायला फार वेळ लागला नाही. आतल्या भोंग्याकडे जाणाऱ्या वाटेवर खसखशीच्या दाण्याएवढा एक पार्ट होता. त्याचं एक टोक नीट बसलेलं होतं. चांगल्या सांध्यात वितळलेलं सोल्डर, म्हणजे धातूचा डाख, पार्टला बिलगून वर चढतं, लेकरू आईचा पदर धरून उभं राहतं तसं. दुसऱ्या टोकाला मात्र सोल्डरचा गोल थेंब पार्टच्या नुसता शेजारी बसला होता. शिवला होता, पण त्याने धरलं नव्हतं. शरीराची ऊब, घाम, पोरीची उठबस, यात तो कधी टेकणार, कधी सुटणार. पट्टीला आतून कळत असणार की पोर गुदमरते आहे. ओरडायचा घसाच तुटला होता.

बोर्डच्या कडेला बारीक अक्षरांत लिहिलं होतं, लाईन १४३. कांचनच्या कारखान्यात चारच लाईनी होत्या. हा बोर्ड कुठल्यातरी लांबच्या गावी बनला होता, तिने कधी न पाहिलेल्या मशीनवर. तरीही तो थेंब तिने ओळखला. तिने तो पूर्वी पाहिला होता. खरं सांगायचं तर, पाहिलाच नव्हता.

तिचं काम तसं सोपं होतं. माळेगावच्या एमआयडीसीतल्या त्यांच्या कारखान्यात लाईन सुरू व्हायची कोऱ्या बोर्डपासून. रांगोळीच्या छापासारखा भोकं असलेला पत्रा बोर्डवर टेकायचा आणि रांगोळीऐवजी सोल्डरची करडी पेस्ट त्या भोकांतून उतरायची. पुढचं मशीन चक्रांवर गुंडाळलेल्या पट्ट्यांतून दाण्याएवढे पार्ट हवेने चोखून उचलायचं आणि पेस्टवर टेकवायचं, तासाला पन्नास-साठ हजार. कुठल्या खाचेत कुठलं चक्र बसवायचं ते बाया बारकोड दाखवून लावायच्या. मग बोर्ड भट्टीतून जायचा, पेस्ट वितळून घट्ट व्हायची, आणि शेवटी कॅमेऱ्याचं मशीन प्रत्येक सांध्याचे फोटो काढायचं. कॅमेरा भित्रा असतो. जराशी सावली पडली तरी दोष म्हणून बोंब मारतो. म्हणून त्याच्याशेजारी एक खुर्ची असते. तिथे बसलेल्या माणसाने फोटो बघून ठरवायचं, कॅमेऱ्याची तक्रार खरी की खोटी. खरी असेल तर लाल बटण, खोटी असेल तर हिरवं. त्या खुर्चीवर कांचन बसायची.

आधी प्रत्येक लाईनची अक्कल तिच्यापुरती होती. मग 'एकनजर' आलं. आधी एकाच लाईनमधली मशीनं एकमेकांशी बोलायला लागली. कॅमेऱ्याने सांगायचं, "पार्ट केसभर डावीकडे पडतोय," की मागचं मशीन स्वतःच हात सावरायचं. पेस्ट कमी दिसली की छापाचा पत्रा आपोआप पुसला जायचा. मग देशभरातल्या दोनशे लाईनी एका जाळ्यात आल्या. पण चांगलं कशाला म्हणायचं हे त्या जाळ्याला कुणीतरी शिकवायला हवं होतं. त्यासाठी त्याने स्वतःच खुर्चीवरच्या माणसांतून नऊ जणं निवडली, सगळ्यांत कमी चुकणारी. त्यांनी दाबलेलं प्रत्येक बटण जाळं लक्षात ठेवायचं आणि तसं दाबायला शिकायचं. कांचन त्यातली संदर्भ-नजर क्रमांक सात. लाईनचे प्रमुख खैरनार सरांनी त्या दिवशी पेढे वाटले होते. स्थानिक पेपरात फोटोही आला होता.

मग तीन वर्षांपूर्वीची ती आषाढातली सकाळ. बालवाडीतून फोन आला की आर्वीला श्वास घेता येत नाही, ओठ निळे पडलेत, दवाखान्यात नेतोय. आर्वीचा तो पहिला झटका. नवरा कंटेनर घेऊन कर्नाटकात होता. खैरनार सर म्हणाले, ताई तुम्ही निघा. पण खुर्चीचा नियम होता. समोरची फोटोंची रांग रिकामी केल्याशिवाय मशीन तुम्हाला उठू देत नसे, उठलात तर सगळी लाईन थांबायची. रांगेत अडतीस फोटो होते. छापाच्या पत्र्याचं एक भोक तुंबलं असावं, कारण सगळे एकाच पार्टचे होते, एकासारखे एक. कांचनने एका हाताने फोन कानाला धरला आणि दुसऱ्या हाताने अडतीस वेळा हिरवं दाबलं. पाऊण मिनिट लागलं असेल.

दुसऱ्या दिवशी तिला आठवण झाली होती. बोर्ड तोवर गाडीत चढून गेले होते. कपडे धुण्याच्या मशीनचे बोर्ड ते. फार तर कुणाचं धुणं अडेल, असं स्वतःला सांगून ती गप्प राहिली. आणि मग विसरली.

त्या रात्री ती आर्वीला कुशीत घेऊन पडली, पट्टी मात्र पुन्हा छातीवर न लावता उशाखाली ठेवली.

सकाळी कामावर गेल्या गेल्या तिने तो सांधा समोर आणायचा प्रयत्न केला. तसे फोटो आता खुर्चीपर्यंत येतच नव्हते. जाळ्याने ते चांगले म्हणून शिकून घेतले होते आणि परस्पर पुढे सोडत होतं. शेजारच्या खुर्चीवर नाझिया बसायची. तिला सांगून कांचनने पास झालेल्यांतून हाताने फोटो काढायला लावले. तासाभरात बारा सापडले. तोच थेंब, तसाच शेजारी बसलेला. तिने बारा वेळा लाल दाबलं.

बाराव्या बटणानंतर पडदा पिवळा झाला. त्यावर मराठीतच लिहून आलं: तुमचा निर्णय संदर्भ-नजर क्रमांक सातच्या निर्णयांशी जुळत नाही. आपण थकला आहात का? कृपया विश्रांती घ्या.

नाझियाला हसू आवरेना. "घे बाई. तुझंच तुझ्याशी पटेना आता. घरी कमी पडतात का भांडायला?"

कांचन हसली नाही. तिने पुन्हा लाल दाबलं. या वेळी पडद्याने काही विचारलं नाही, खुर्ची बंद केली.

खैरनार सर आवारात होते. नवीन लाईन येणार होती, पाचवी. दसऱ्यापर्यंत देशभरात अशा आणखी चाळीस. लाकडी खोक्यांतून मशीनं बाहेर निघत होती. चांगला माणूस. तिशीत असताना त्यांनी इथली पहिली लाईन हाताने जुळवली होती. एकेका मशीनला बोर्डची उंची, रुंदी, पार्टची जाडी भरवत सहा आठवडे. आज सकाळी दहाला जोडलेली केबल, बाराला मशीन तयार, असं ते कौतुकाने सांगत होते. दोनशे लाईनींनी शिकलेलं सगळं पहिल्याच दिवशी तिच्या डोक्यात. कांचनने ते ऐकून घेतलं आणि मग अडतीस बटणांचं सगळं सांगितलं. पट्टी उघडून त्यांच्या तळहातावर ठेवली, सोबत भिंग.

ते बराच वेळ भिंगातून बघत राहिले. मग त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, हे अजून कुणाला सांगितलंय का. तिने नकारार्थी मान हलवली.

"सांगू नका असं मी म्हणणार नाही," ते म्हणाले. "पण ताई, ती अडतीस बटणं मी आत्ता काढून टाकली तरी काही होणार नाही. तुमच्या अडतीसवरून त्याने स्वतः लाखभर सांधे पास केले. त्या लाखांवरून आणखी शिकलं. आता सगळं दही झालंय. त्यातून विरजण वेगळं कसं काढू मी?"

"मग दही टाकून द्या."

"दोनशे लाईनींचं?" त्यांनी नव्या मशीनकडे पाहिलं. "वर लिहितो मी. आजच लिहितो."

त्यांनी लिहिलं, यात शंका नाही. पट्टीही सोबत पाठवली. उत्तर यायला पाच दिवस लागले. त्या पाच दिवसांत आत्याबाई पुन्हा पाठीला कान लावून बसायला लागल्या आणि कांचनला प्रत्येक आवाजाने दचकायची सवय लागली. कुकरच्या झाकणाने, शेजारच्या दाराच्या कडीने. सगळ्यांत जास्त आवाज नसला की. आत्याबाईंना तिने खरं कारण सांगितलं नव्हतं. सांगायचं तर त्या दिवशी आपण कुणासाठी धावलो होतो तेही सांगावं लागलं असतं, आणि ते ऐकायला आर्वी तिथेच मांडीवर असायची.

एकदा मात्र तिने आडून विचारलं. विड्या तपासणारा चेकर कधी चुकायचा का, खराब विड्यांचा कट्टा पास करायचा का? आत्याबाई विडी वळल्यासारखी बोटं हलवत म्हणाल्या, चुकायचा की. बायकोशी भांडून आला की हमखास चुकायचा. पण दुसऱ्या दिवशी तोच माणूस समोर असायचा. त्याला म्हणता यायचं, भाऊ, काल तुझं लक्ष नव्हतं. तोही म्हणायचा, हो गं माय, नव्हतं.

पाचव्या दिवशी खैरनार सरांनी तिला केबिनमध्ये बोलावून उत्तर वाचून दाखवलं. परत पाठवलेली पट्टी चाचणीच्या साच्यात बसवून तपासली. ती उत्तम वाजते. कांचनने डोळे मिटले. साच्यात बसवायची म्हणजे दाबूनच बसवायची, मग वाजणारच. पुढे लिहिलं होतं की संबंधित सांध्याचे फोटो एकनजरच्या तज्ज्ञ यंत्रणेला दाखवण्यात आले आणि संदर्भ-नजर क्रमांक सातच्या निकषांनुसार ते निर्दोष आहेत. सबब तक्रार बंद करण्यात येत आहे.

"क्रमांक सात मीच आहे ना, सर."

खैरनारांनी कागद उलटा ठेवला. "तुम्ही होतात. आता ती तिकडे आहे. ती थकत नाही, सुट्टी मागत नाही. तिची लेक आजारी पडत नाही."

कांचनच्या डोळ्यांपुढे ती आली. तिकडे म्हणजे कुठे कोण जाणे, पण एक कांचन खुर्चीवर बसलेली, फोन कानाला लावलेला, त्यातून कुणीतरी सांगतंय की पोरीचे ओठ निळे पडलेत, आणि ती न बघता हिरवं दाबते आहे. ते पाऊण मिनिट तिला संपवताच येत नाही. दोनशे ठिकाणी बसली आहे. दसऱ्याला आणखी चाळीस ठिकाणी बसेल.

"तुमची नजर ढळली असा शेरा आलाय," सर तिच्याकडे न बघता म्हणाले. "चक्रं लावायच्या कामावर घेतो तुम्हाला. तेवढं माझ्या हातात आहे." मग दाराकडे बघून त्यांनी भिंग परत दिलं. "माझ्या भाचीलाही ही पट्टी आहे," इतकंच म्हणाले.

बाहेर पाचवी लाईन सुरू झाली होती. कॅमेऱ्याच्या मशीनशेजारी खुर्ची नव्हती. खुर्चीसाठी जागाच ठेवली नव्हती.

त्याच दिवशी चारला ती शाळेत गेली. आर्वीच्या वर्गात पट्टीवाली अकरा मुलं होती. बाईंनी मुलांना उभं केलं. अकरा शर्टांतून अकरा हिरवे दिवे. बाई समजुतीने म्हणाल्या, तुमचीच सदोष निघाली असेल, बदलून मिळेल. कांचनने सांगायचा प्रयत्न केला की दिवा हिरवा असणं काहीच सांगत नाही, पट्टी खराब आहे हे कळायला आधी मूल गुदमरावं लागतं. ते बोलताना तिचं तिलाच वेड्यासारखं वाटलं. प्रत्येक पट्टी भिंगाखाली बघते, मला फक्त झाकणं उघडू द्या, असं ती म्हणाली. बाई म्हणाल्या, सील तुटलं तर नवी मिळेलच असं नाही, आई-बापांची सही हवी.

म्हणून ती फाटकाशी उभी राहिली. शाळा सुटल्यावर न्यायला आलेल्या बायांना एकेक करून सांगू लागली. काहींनी ऐकलं, काहींनी मुलाचा हात धरून पावलं उचलली. मीनल गोळेसर म्हणून एक होती, तिच्या धाकट्याला दमा. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"तूच ना गं ती?" ती म्हणाली. "पेपरात फोटो आलेला. माझ्या सासूबाईंनी कात्रण लावलंय कपाटावर. म्हटलं, आपल्या सिन्नरच्या बाईची नजर आहे पट्ट्या तपासणाऱ्या मशिनीत, मग काय काळजी? तेव्हापासून मी रात्री झोपते." तिने पोराच्या शर्टातला हिरवा दिवा एकदा बघून घेतला. "आता तूच सांगतेस नाही म्हणून. मग तेव्हाची तू खरी का आत्ताची?"

ती सही न करता गेली. शिपाई कुलूप लावेपर्यंत कांचन फाटकाशी थांबली. दोन सह्या मिळाल्या. त्यातल्या एका पट्टीत सांधा चांगला होता. दुसरीत नव्हता.

दिवेलागणीला ती घरी पोचली तेव्हा दारात छोटं खोकं येऊन पडलं होतं. नवी पट्टी. सोबत सौजन्याची चिठ्ठी, आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. तिने उंबऱ्यावरच बसून झाकण उघडलं आणि भिंग लावलं. तोच थेंब, तसाच शेजारी बसलेला. मग झाकण लावून खोकं उंचावर, डब्यांच्या मागे ठेवून दिलं.

आर्वी पालथी पडून चित्र रंगवत होती. कांचन तिच्याशेजारी आडवी झाली आणि फ्रॉक वर करून तिच्या उघड्या पाठीला कान लावला. आधी नुसतं धडधडणं ऐकू आलं. मग त्याच्याखाली श्वास. जात होता, येत होता. कडेला बारीकसं काही वाजतंय का? वाजत नव्हतं. तिने पुन्हा ऐकलं. आत्याबाईंनी शिकवलं होतं, एका जागी ऐकून उठायचं नाही, खाली सरकायचं, मग दुसऱ्या बाजूला.

"आई, कान गार आहे तुझा," आर्वी हसली. मग अंग चोरत म्हणाली, "पट्टी नाही लावायची मला आता?"

"नाही. आता मी आणि आजी ऐकणार. आजी दिवसा, मी रात्री."

"रोज?"

"रोज."

आर्वीने लाल खडू ठेवला, हिरवा घेतला, आणि झाडाला पानं काढायला लागली. दोन-तीन पानं काढून झाल्यावर तिचा हात थांबला. तिला शेजारच्या बाकावरचा मुलगा आठवला असावा, किंवा सगळेच अकरा.

"आणि बाकीच्यांच्या पाठीला कोण कान लावणार, आई?"